वंदनाचं माहेरपण आणि रोह्याचं रेशनकार्ड

"माझे पापड कावळे नेतील! सोडा मला, सोडा!"

माझी धाकटी बहीण वंदना डॉक्टरांच्या टेबलाला लाथा मारत होती. तिचा आवाज पेणच्या बाजारातून वडखळच्या नाक्यापर्यंत जाऊन पुढे अलिबागच्या रस्त्याला वळला असणार. एक हात मी धरला होता, दुसरा आईने. मी हमरापूरचा, घरच्या गणपतीच्या कारखान्यात मातीची पोती खांद्यावर मारणारा गडी. पण त्या दिवशी त्या मूठभर बाईने मला खुर्चीसकट गरागरा फिरवलं.

ती दमून खाली बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात."

म्हणजे मन कधी आभाळाला टेकतं, कधी विहिरीच्या तळाला जातं. वर असतं तेव्हा त्याला मॅनिया म्हणतात. झोप लागत नाही, तोंड थांबत नाही, अंगात दहा माणसांचं बळ येतं.

ते बळ आम्ही बघितलंच होतं. माहेरी आल्यावर वंदनाने पापड लाटायला घेतले ते थांबायलाच तयार नाही. अंगण भरलं, पत्रे भरले, कारखान्यातल्या बिनरंगाच्या गणपतींच्या मांड्यांवरही पापड वाळायला लागले. धरमतरच्या खाडीतल्या बार्जवाल्यांना आमच्या गावात बर्फ पडल्यासारखं दिसतंय, असं मी नाक्यावर सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. आई तेवढी हसत नव्हती.

ती माहेरी आली कशी, तेही सांगतो. तिचं सासर रोह्याला. नवरा दिलीपराव, भातगिरणीचे मालक. बोलणं असं गोड की गिरणीत उंदरांपेक्षा मुंग्या जास्त असाव्यात. स्वतः गाडीने तिला सोडायला आले, आईच्या पाया पडले. म्हणाले, "आई, जरा दमलीय ती. चार दिवस माहेरपण करा. मी येतोच न्यायला." आईने त्याच दिवशी पाठवणीच्या ओटीचे तांदूळ निवडून ठेवले. जावई असावा तर असा, हे मी अर्ध्या पेण तालुक्याला ऐकवलं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही म्हणाले. पुन्हा पुन्हा असं झालं तर दर वेळी सावरणं अवघड जातं. काही महिने रेसिडेन्शियल केअर हवी. म्हणजे पेशंटने तिथेच राहायचं. वेळेवर गोळी, वेळेवर झोप, मनातलं ऐकून घेणारं माणूस आणि हळूहळू कामाची सवय. त्यांच्या माहितीतल्या एका केंद्रात बायकांची एक खाट रिकामी होती, आणि तिथे सरकारी आरोग्य योजना चालत होती. पदरचा खर्च करायचा तर आमचा कारखाना, गणपती आणि उंदीर सगळं विकूनही पुरलं नसतं. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

केंद्रात योजनेच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. रेशनकार्डात नाव असेल त्यालाच योजना लागू, असं तिने सांगितलं. आमच्या कार्डातून वंदनाचं नाव लग्नानंतर कमी केलेलं, ते आपल्याकडे करतातच. मी रोह्याच्या कार्डाचा नंबर दिला. तिने तो टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. दिलीपराव, त्यांची आई, वंदनाची दोन मुलं. वंदना नाही.

मी म्हणालो, "ताई, मशीन बिघडलंय तुमचं."

ती म्हणाली, "दादा, मशीन आपण होऊन नाव खात नाही."

तिने डॉक्टरांशी बोलून खाट दोन दिवस धरून ठेवली. तिचे उपकार मी विसरणार नाही. दिलीपराव फोन उचलेनात. "गिरणीत आवाज असतो रे," आई म्हणाली. शेवटी मी रोह्याला जायला टेम्पो काढला.

पुढचं आधी सांगून टाकतो. ती खाट दुसऱ्या एका बाईला मिळाली. तिचं भलं होवो. वंदनाचं नाव आमच्या कार्डात चढवायला रोह्याहून नाव कमी केल्याचा दाखला लागला, आणि तो गोगलगाईच्या पाठीवर बसून आला. आता केंद्र म्हणतं, जागा झाली की कळवू. तोवर सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतून गोळ्या आणतो. वंदना झोपते. पापडाच्या पिठाला हात लावत नाही, दिवसभर भिंतीकडे बघत बसते. डॉक्टर म्हणतात, ही आजाराची दुसरी बाजू, डिप्रेशन. आई शेजारी बसून विचारते, "वंदे गो, चाय घेतस?" चहा निवला की पुन्हा गरम करून आणते.

तुमच्या घरात अशी आजारी लेक-बहीण असेल तर डॉक्टर गाठाच. पण तिचं नाव कुठल्या कार्डात आहे ते आज, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणाच्या गोड शब्दावर राहू नका. माहेरी नाही आणि सासरीही नाही, अशी बाई सरकारच्या पडद्यावर कुठेच नसते.

तर रोहा. गिरणीच्या दारातूनच मी जे तोंड सोडलं, त्याने मशीनचा पट्टा थांबला असेल. पण मी ओरडत होतो ते सरकारवर, कंप्युटरवर, पुरवठा ऑफिसातल्या न पाहिलेल्या क्लार्कवर. दिलीपरावांवर नाही. त्यांना तर मी हात जोडून म्हणालो, "पावणं, त्या लोकांनी घोळ घातलाय. तुम्ही नुसतं ऑफिसात चला. उद्यापर्यंत खाट हाय. वंदी बरी होऊन नांदायला येईल."

दिलीपरावांनी कोंड्याचं पोतं शिवायचं थांबवलं नाही.

"घोळ नाय. नाव मीच कमी केलं. तिला तुमच्याकडं सोडली त्याच्या आदल्या दिवशी. परत आणायची नव्हती."