परीक्षेच्या दिवशी साळवे

साळवेंना नुसता नमस्कार चालायचा नाही. भेटलं की ते हात पुढं करायचे आणि आपण हात दिला की सोडायचेच नाहीत. दोन बोटं मनगटावर, डोळे घड्याळावर. अर्ध्या मिनिटानं म्हणायचे, "साहेब, नाडी जरा पळतीय. चहा कमी करा." आमच्या प्रेस शॉपमधली, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या खात्यातली, पोरं त्यांना लांबूनच हात जोडायची. "हात दाखवून अवलक्षण कशाला, बाबा!" म्हणून हसायची. पुढं पुढं तर कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर माझ्याशिवाय कुणी बसेना. चपातीचा घास मोडता मोडता हा माणूस हृदय बंद पडल्यावर पहिल्या चार मिनिटांत काय होतं ते सांगायचा, कोण बसणार? खरं सांगतो, मलाही कंटाळा यायचा.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात मी सुपरवायझर आणि साळवे प्रेस ऑपरेटर. वीस वर्षं एकत्र काढली. साळवेंनी लग्न केलं नव्हतं. का, ते कधी बोलले नाहीत. मुकुंदवाडी स्टेशनजवळ एका खोलीत एकटेच राहायचे. वडील, म्हणजे अण्णा, तिकडं सोयगाव तालुक्यातल्या गावात, तेही एकटेच. अण्णांचं हृदय अधू झालेलं, आणि शहरात यायला ते मुळीच तयार नव्हते. गावापासून दवाखाना लांब. साळवे म्हणायचे, "साहेब, गाडी नुसती पोचून काय करती? गाडीत शिकलेला माणूस नको व्हय?" म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा कोर्स धरला. सोयगावात एका गाडीवर जागा होती. पास होऊन या, असं त्यांना सांगितलं होतं.

सकाळी सात ते तीन प्रेसवर, चार ते आठ क्लासात, आणि आठवड्याच्या सुट्टीला दवाखान्याच्या अपघात विभागात. घरी गेल्यावर वाकळीची गुंडाळी करून तिच्यावर छाती दाबायचा सराव करायचे. "ती वाकळ लई वेळा मेली साहेब माझ्या हातनं," असं स्वतःच सांगायचे. मी चिडवायचो, "साळवे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी बरं का!" तर म्हणायचे, "असू द्या. उपाशीपोटी झोप येत नाय, तेवढाच अभ्यास व्हतो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी एक दिवसाची रजा मागितली. नेमकी त्याच आठवड्यात ऑर्डर घाईची होती आणि माझ्या डोक्यावर मॅनेजर बसलेला. मी म्हणालो, "परीक्षा चारला, शिफ्ट सुटते तीनला. मग रजा कशाला हो? काम करून जा की."

"बरं साहेब," एवढंच म्हणाले.

परीक्षेत काय झालं ते तिच्या दुसऱ्या दिवशी कळलं. जमिनीवर रबरी पुतळा ठेवलेला. त्याची छाती न थांबता दाबत राहायची. साळवे छान दाबत होते. तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. "हात आपोआप वर आले साहेब. पेशंट सोडून मी आपला बाजूला उभा!" भोंगा झाला की हात मशीनबाहेर, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. वीस वर्षांपूर्वी तो मीच त्यांच्या अंगात मुरवला होता, आणि त्या दिवशी आठ तास प्रेसवर उभंही मीच केलं होतं. साळवे नापास झाले. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. सगळं खातं पोट धरून हसलं. मीही हसलो.

चौथ्या महिन्यात अण्णा गेले. प्रेसवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तीन वाजता साळवेंनी तो उघडला तेव्हा गावातले फोन येऊन थांबलेले होते. अण्णा ओट्यावर कोसळले, शेजाऱ्यांनी नाकाला कांदा लावला, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीची वाट बघितली. गाडी आली, पण तिच्यात ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं.

अण्णांचं पुण्यानुमोदन, म्हणजे माणूस गेल्यावरचा विधी, आटोपून साळवे परतले ते थेट मशीनवर. मला राहवलं नाही. विचारलं, "आता परीक्षा कुणासाठी?"

"का? लोकायला बाप नसतेत का, साहेब?"

या खेपेला मी न मागता दोन दिवसांची रजा दिली. ते पास झाले. पेढे घेऊन खातंभर फिरले. पोरांनी पेढा उचलला आणि पाठ वळवली. महिन्याभरात राजीनामा.

त्यांना सोडायला एसटी स्टँडवर मी एकटाच गेलो होतो. सोयगावची गाडी लागलेली. दोन बॅगा, काखेत ती वाकळ. शेवटी इतके दिवस छातीत अडकलेलं बाहेर पडलं.

"साळवे, त्या दिवशी मी रजा दिली असती तर..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"व्हय साहेब. दिली असती तर मी तिथं असतो."

आवाजात राग नव्हता. मग त्यांनी बॅगा उचलल्या, "जय भीम साहेब" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मला वाटलं होतं, ते "जाऊ द्या" म्हणतील.