ताईची पत्र्याची मोटार

दुसरबीडला रस्त्याला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ट्रकची दबलेली बोनेटं सरळ करण्यात उमर गेली, पण आता मला लोक ओळखतात ते लहान पोरांच्या पायडलच्या मोटारींमुळे. जुन्या काळच्या, अस्सल पोलादी पत्र्याच्या, आत बसून पाय मारले की चालणाऱ्या मोटारी. प्लास्टिकच्या खेळण्यांना कंटाळून लोक परत यांच्याकडे वळलेत. कुणी नातवासाठी दुरुस्त करून घेतं, तर शहरातले हौशी लोक दिवाणखान्यात मांडायला नेतात. ते पोरांना गाडीला हातसुद्धा लावू देत नाहीत, म्हणून मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. रंगावर एवढा जीव कशाला, म्हणायचो.

लोकांच्या गाड्या झाल्यावर मी आमच्या घरची काढायला घेतली. वडिलांनी ती थोरल्या ताईसाठी आणली होती. ती ऐटीत बसायची आणि ढकलायचं काम माझ्याकडे. मी रडकुंडीला आलो की मला बसवून ती ढकलायची. गोठ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागे गाडी पार गंजून गेली होती. तळाला नवा पत्रा घातला, पायडलचे वाकलेले दांडे सरळ केले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाल रंगाचा शेवटचा हात मारला.

दाजी वारल्यापासून ताई सणावाराला येणं टाळत होती. मीच फोन केला, "तुह्या मोटारीची पूजा आहे, तूच पाह्यजे." ती लहान मुलीसारखी हसली. धामणगाव बढ्याहून एसटी बदलत बदलत आली, येताना गाडीसाठी झेंडूचा हार घेऊन आली.

अंगणात ट्रॅक्टर, मोटारसायकल, माझी हत्यारं आणि सगळ्यांच्या पुढे ती मोटार. आळीतल्या बायका जमल्या होत्या. ताईनं हार स्टिअरिंगला घातला, ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि बोनेटकडे वाकली.

"ताई, तू नको लावू!" मी ओरडलो.

देवाशप्पथ सांगतो, माझ्या डोक्यात फक्त रंग होता. तो पुरता वाळला नव्हता, बोट लागलं की डाग पडणार होता. पण नवरा गेलेल्या बाईनं पूजेत कुंकू लावू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ताईनं हात मागे घेतला आणि बोट पदराला पुसलं.

"हाव ना, मी इसरलीच," ती म्हणाली आणि ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं.

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी भागलं असतं. पण चार बायकांसमोर जीभ उचललीच नाही. बायकोनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रंगात बोटांचे वळ उठले आणि ते बघत मी हात जोडून उभा राहिलो. लिहितानाही कान गरम होताहेत.

सोनं वाटून झाल्यावर ताई स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. मी जाऊन तिच्यापुढे टेकलो.

"ताई, रंग ओला होता वं. म्हणून मी ओरडलो. तसं काही माह्या मनात नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग तिले काऊन नाही थांबवलं?"

ती चिडून बोलली असती तर मी पाय धरले असते. पण ती टोमणा मारत नव्हती. माझ्याकडे काहीतरी उत्तर असेल अशी तिला खरंच आशा होती, आणि ती वाट पाहत राहिली.