ऊब बाहेर नेणारा

पक्षाघातानं वडील अंथरुणाला खिळले, त्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याच्या घरात एसी बसवायचं मी ठरवलं. मेकॅनिक आला. पिशवी न उघडताच त्यानं चारही भिंतींवर तळहात टेकवून पाहिला. मी मोठ्यात मोठं मशीन मागितलं.

"मशीन गारवा बनवत न्हाई, घरातली ऊब भाईर टाकतं," तो म्हणाला. "ऊब आत येऊच दिली न्हाई, तर ल्हान मशीन पुरंल. वीजबी कमी लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः गच्चीला चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची तट्टी बांधली, दाराच्या फटी बुजवल्या आणि लहान एसी बसवला.

तासाभरानं वडिलांनी चांगल्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढली. मी हरखलो. त्यानं मात्र लगेच बटण मागं फिरवलं.

"बास. बाबांना थंडी वाजती."

वडिलांना किती गारवा हवा, हे मी पाहिलंच नव्हतं.