मी कौल लावला नाही

देवीवर रागावून देवीच्या दाराला जाणारी मी काही पहिली नसेन. पण त्या शुक्रवारी मी टेकडी चढले ती हात जोडायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते. माय पुढे, मी मागे. ती अनवाणी, मी मुद्दाम चप्पल घालून. "तिला पुसू, ती सांगंल तसं," हे मायचं घरातून निघाल्यापासून चाललेलं, आणि माझ्या डोक्यात एकच: नोकरी मी करणार, रात्रपाळ्या मी करणार, मग पुसायचं कशाला? आणि तिने नको म्हटलं तर? मी ऐकणार नव्हते. कुळदेवीचं ऐकायचं नाही असं ठरवून निघाले खरी, पण वाटेत दोनदा चप्पल काढून हातात घ्यावीशी वाटली. खोटं कशाला बोलू!

भांडण काय होतं ते सांगते. मी जळकोट तालुक्यातली. नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला खोली करून नर्सिंगची पदवी घेतली. सोबतच्या पोरींपैकी कुणाला आयसीयू हवं होतं, कुणाला ऑपरेशन थिएटर, कुणाला दुबई. मला मानसोपचार वॉर्ड हवा होता. शिकताना तिथे आमची ड्यूटी लागली तेव्हा सुरुवातीला मीसुद्धा भिंतीला चिकटूनच उभी राहायचे. मग एका दुपारी एक बाई, जी कुणाशीच बोलत नव्हती आणि धड जेवतही नव्हती, तिच्या कॉटशेजारी मी स्टूल ओढून नुसती बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुला काम न्हाई का गं?" मी म्हटलं, "हेच काम हाय." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि संध्याकाळी अर्धी भाकर खाल्ली. औषधाचं श्रेय औषधाला, त्यात मी वाटा मागत नाही. पण मला कुठे काम करायचंय ते त्या दिवशी ठरलं आणि पुढे कुणाच्या बोलण्याने ते हललं नाही.

पास झाल्यावर लातूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. मानसोपचार वॉर्डच. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. नेमकं त्याच आठवड्यात मामांनी नायगावचं स्थळ आणलेलं. त्या घरच्यांना नर्स मुलगी चालत होती, उलट हवीच होती. फक्त मुलाच्या आत्याबाईंनी निरोप धाडला, की पोरीनं येड्यांच्या दवाखान्यात पाय ठेवला तर आमचं जमणार न्हाई. मामा समजावून थकले. "येड्यांत राहून येडी व्हशील. आयसीयू घे, बाळंतपणं कर, कोण न्हाई म्हनतंय?" मी म्हटलं, "मामा, किडनी बिघडलेली चालती, काळीज बिघडलेलं चालतं, मग डोक्यानंच काय घोडं मारलं?" ते मायला म्हणाले, "तोंड लई सुटलंय पोरीचं." माय बिचारी दोन्हीकडून बेजार. म्हणून तिने तोडगा काढला: कौल लावायचा. आमच्याकडे देवीच्या अंगाला ओली फुलं चिकटवतात आणि हात जोडून प्रश्न विचारतात. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. त्यावर आमच्या घरात लग्नं ठरली आहेत, विहिरी खणल्या आहेत.

मंदिराच्या खालच्या पायऱ्यांवर ही गर्दी! मधे एक तरुण बाई बसलेली, माझ्याहून थोडीच मोठी. मान एका अंगाला पार वळलेली, डोळे वर चढलेले, नुसतं पांढरं दिसत होतं, आणि जीभ बाहेर. बायांनी तिचं कपाळ हळदीकुंकवाने भरून टाकलं होतं. कुणी पायावर पाणी घालत होतं, कुणी लेकरू तिच्या पायाला लावत होतं. "आई आली, शुक्रवारची आई आली," असं जो तो म्हणत होता. तिचा नवरा बाजूला हात जोडून उभा, घाबरलेला आणि जरासा सुखावलेलासुद्धा. मी काही म्हणायच्या आत माय गर्दीतून पुढे घुसली, त्या बाईपुढे गुडघ्यावर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "आई, माज्या पोरीनं लातूरला जावं का नको? तूच सांग." त्या बाईच्या घशातून एक लांब, घोगरा आवाज निघाला. माय मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "ऐकलंस? न्हाई म्हनली."

अंगात येतं यावर माझा विश्वास आहे की नाही हे मला विचारू नका. लहानपणापासून मी ते बघत आले आहे. अंगात आलं की बाई घुमते, केस सोडते, तालावर डुलते, फडाफडा बोलते. ही डुलत नव्हती. ही आपल्याच उजव्या हाताने आपली हनुवटी सरळ करायला बघत होती. हात ढकलायचा आणि मान पुन्हा तिकडेच जायची. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मी हे वॉर्डात बघितलेलं होतं. मनाच्या आजाराच्या काही औषधांनी कधी कधी असं होतं: मानेचे, डोळ्यांचे, जिभेचे स्नायू आखडून बसतात. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही. श्वासाला त्रास झाला तर जिवावर बेततं. मी चप्पल तिथेच टाकली आणि तिच्या नवऱ्याचा दंड धरला. "हिला इंजेक्शन दिलंय का कुठलं?" तो चाचरत म्हणाला, "हाव, काल. रात रात झोपत नव्हती, एकटीच बडबडायची. दवाखान्यात नेलं, सुई दिली. आज इथं आणली तर आईच आली." मी ओरडलेच, "आई न्हाई आली! औषधानं मान आखडलीय तिची. उचला, दवाखान्यात न्या!"

अरे बापरे, काय गदारोळ! देवीचा अपमान केला म्हणून चार बाया अंगावर आल्या. एका माणसाने माझं मनगट धरून मला मागे ओढलं. "कोण तू? लई शिकलीस का?" माय रडायला लागली, "गप बस गं, पाया पड, पाया पड." मी म्हटलं, "पडते. आधी ही उठू द्या." पण खरं सांगते, त्या क्षणी माझं काही चालत नव्हतं. पन्नास माणसांपुढे मी एकटी, काल पास झालेली पोरगी. मला आठवतं, मी कळसाकडे बघून मनात ओरडले: तुझं नाव घेऊन हे लोक तुझीच लेक मारायला निघालेत, आणि तू गप?

तेवढ्यात पायरीच्या कडेला बसलेली एक आराधीण उठली. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी, देवीच्या नावाने जोगवा मागणारी म्हातारी. हिच्याही अंगात येतं हे सगळ्या गावाला माहीत. ती शांतपणे माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुला खात्री हाय का?" मी म्हटलं, "हाव." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग गर्दीकडे वळून असा आवाज लावला की कबुतरं उडाली: "आईला काय बोलायचं ते माझ्यासंगं बोलंल! या लेकराला वाट द्या. सरका!" आणि गर्दी सरकली. मला जे ओरडून जमलं नाही ते तिने एका हाकेत केलं. नवस फेडायला आलेल्यांची एक जीप खाली उभी होती, तिलाही तिनेच थांबवलं.

जळकोटच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. मी काय बघितलं आणि काल सुई दिलीय हे सांगितलं, नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठी त्यांनी वाचली आणि ताबडतोब उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. साधंच औषध, खाज-सर्दीवर देतात त्या जातीचं. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. हळूहळू जीभ आत गेली. डोळे खाली आले. मान एकदम माझ्या हातात सैल पडली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, रात्रभर इथेच ठेवू, आणि ज्या डॉक्टरांनी औषध दिलं त्यांना कळवू, औषध आपल्या मनाने बंद करू नका.

जीपमधून सोबत आलेली माय कॉटच्या पायाशी उभी होती. ती बाई पाणी प्यायली आणि मायकडे बघून जड जिभेने म्हणाली, "मावशी, तुमी मला काय तरी पुसत होत्या. मला समदं ऐकू येत होतं. मी म्हनत होते, मला वाचवा."

माय पदर ओला करून पुढे झाली. तिचं कपाळ पुसत राहिली, हळद, कुंकू, सगळं, पुन्हा पुन्हा. नंतर व्हरांड्यात येऊन बसली. मामांचा फोन आला, कौल काय आला म्हणून. माय म्हणाली, "कौल लावलाच न्हाई. पोरगी सोमवारी लातूरला जाती, मी सोडायला चाललेव." पलीकडून नायगावकरांना काय सांगू असं विचारलं असणार. "सांग, येड्यांची नर्स हाय म्हनून. पटत असंल तर या म्हनावं," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि मग मला मिठी मारून अशी रडली, की मला हसावं का रडावं कळेना.

नायगावकर पुन्हा आले नाहीत. देवीने ते स्थळ वाचवलं नाही आणि मी वाचव म्हटलंही नव्हतं. ती आराधीण म्हणजे साक्षात आईच होती असं माय आज सगळ्यांना सांगते. मी वाद घालत नाही. मी तिला नंतर भेटले आहे, तंबाखू मळत बसली होती, आभार मानले तर म्हणाली, "जा गं, कामाला लाग." पण त्या दिवशी, त्या पायरीवर, ती आखडलेली मान ओळखणारं माणूस नेमकं, रागारागाने का होईना, तिथे आलं होतं, हे मी कितीदा मनात उलगडून बघितलं तरी मला नुसता योगायोग वाटत नाही.

नव्याने पास झालेल्या पोरी मला विचारतात, मानसोपचार घ्यावं का? घ्या, मी म्हणते. लोक हसतील, स्थळं परत जातील, आणि एखाद्या दिवशी पेशंट तुमच्या अंगावर ताट फेकेल. तरी घ्या. आमच्या वॉर्डात कपाळाला अंगारा, दंडाला ताईत बांधलेले लोक येतात. मी काही पुसत नाही, काही तोडत नाही. त्या ताईताच्या शेजारीच औषध देते आणि बसते. शरण जायचं ते देवीला, हे मी त्या शुक्रवारी शिकले. तिच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाला नव्हे. आई, मी तुला एक शब्द विचारला नव्हता, उलट भांडायलाच आले होते, आणि तू माझ्या हातात एक जिवंत मान ठेवलीस. लोकांनी ज्यांना सोडलंय त्यांना पाठवत राहा. मी इथेच आहे.