वहीतली नोंद: वास नाही

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. परवा मंडईत तिने आंबा माझ्या नाकाशी धरला, मी डोळे मिटून "अस्सल हापूस!" म्हणालो — आणि आम्ही खुशीत घरी आलो. मला वास येत नाही. गेली पाच वर्षं. तसं निवृत्तीनंतर माझं मजेत चाललंय, झोपही छान लागते. म्हणूनच हे सांगायला जीभ रेटत नाही.

लोणी काळभोरजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं पाणी शुद्ध करायचं काम माझ्याकडे होतं. शेजारच्या रंगाच्या कारखान्यातून त्यांच्या विहिरीत थिनर झिरपायचं. ते पाणी आम्ही कोळशाच्या टाकीतून सोडायचो — साधा कोळसा नव्हे, ॲक्टिव्हेटेड कार्बन. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत थिनर चिकटून बसतं. पण छिद्रं कधीतरी भरतातच ना? मग ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागत. नाकाला लगेच कळतं. म्हणून रोज सकाळी मी पेलाभर पाणी हुंगायचो आणि वहीत लिहायचो — वास नाही. ऑफिसात माझ्या नाकाचा केवढा दरारा होता!

मग एकदा ताप आला आणि नाक गेलं. सांगितलं का कुणाला? छे. दरारा गेला असता. मी आपला हुंगत राहिलो, लिहीत राहिलो.

एके सकाळी शबाना मुलानी, माझ्या हाताखालची नवी केमिस्ट, पेला घेऊन आली. "सर, थिनरचा वास येतोय हो." मी हुंगल्यासारखं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मुलानी मॅडम, नेलपॉलिश घरी वाळवून येत चला." सगळे हसले. तिने नेलपॉलिश लावलंच नव्हतं — मी पाहिलं होतं. पाहूनही बोललो.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. कार्बन केव्हाच भरून गेला होता. मी तो गुपचूप बदलून घेतला आणि अहवाल फायलीच्या तळाशी सारला. तेवढे दिवस मुली तेच पाणी प्यायल्या. कुणाला त्रास झाला का? मी विचारलंच नाही — भीती वाटली.

माझ्या निरोप समारंभात शबाना बोलायला उभी राहिली. म्हणाली, सरांनी मला एक धडा कायमचा दिला — आपल्या नाकावर विसंबायचं नाही. आजही वास आला, तर आधी मी स्वतःलाच गप्प करते. मग तिने हार उचलला, अगदी मनापासून.

तिचं नाक बरोबर होतं. मी मान वाकवून हार घालून घेतला.