नव्यांमध्ये पहिला

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सोळाव्या वर्षीच माझ्याहून वीतभर उंच झाला होता. मी काही कमी उंच नव्हते. डहाणूच्या बाजारात आई मासळी विकायची. तिच्या पाटीशेजारी मी उभी राहिले की बायका हसायच्या, "हिला नवरा बघायचा तर शिडी लागेल." शाळेत खेळाच्या सरांनी मात्र तीच उंची बघून माझ्या हातात बास्केटबॉल दिला. बारावीपर्यंत खेळले, जिल्ह्याच्या संघात गेले. मग बाबा म्हणाले, "आता पुरे." मी वाद घातला नाही. भावाला शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर नेलं आणि मला येत होतं ते सगळं त्याला शिकवायला लागले.

रिंगला जाळी नव्हती. चेंडू आत गेला की बाहेरून गेला, यावरून रोज भांडण. बाबांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यातून एक तुकडा कापून, गाठी मारून, स्वतः चढून बांधला. माझ्या वेळी त्यांना ते सुचलं नव्हतं.

२०१४ मध्ये मी तलासरीच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायच्या कामाला होते. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी आल्यावर तोंडही न धुता मैदानावर. त्याचा उजवा हात मी ओढणीने कमरेशी बांधून ठेवायची आणि नुसत्या डाव्या हाताने शंभर वेळा चेंडू टाकायला लावायची. तो चिडायचा, पण टाकायचा.

दोन वर्षांनी एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. एक राज्याच्या संघाच्या शिबिराचं, दुसरं नव्यानेच सुरू झालेल्या व्यावसायिक लीगचं. लीगमध्ये खेळलं तर राज्याच्या संघात घेणार नाही, असं स्पष्ट कळवलं होतं. सर मुद्दाम घरी आले.

"राज्याकडून खेळ," ते त्याला म्हणाले. "उद्या नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं. लीगचं काय, आज आहे, उद्या नाही."

"सर, जिल्ह्याची सर्टिफिकेटं माझ्याकडे पण आहेत," मी म्हणाले. "ट्रंकेत पडलीत. काय झालं त्यांचं?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. "ताई, तू सांग."

"लीगला जा," मी म्हणाले.

तो गेला आणि असा खेळला की मोसम संपताना त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला. टीव्हीवर दाखवणार म्हणून आईने त्या दिवशी पाटी लवकर उचलली. अर्धी गल्ली आमच्या घरात. तो सूट घालून स्टेजवर आला तेव्हा आई म्हणाली, "किती वाळलाय. जेवायला घालतात की नाही?" बाबा दारात बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिला आला का?"

"नव्यांमध्ये पहिला, बाबा."

सूत्रसंचालकाने त्याला हिंदीत विचारलं, इथपर्यंत कसा आलास? तो म्हणाला, "दीदीने सिखाया. दीदीने बोला, जा, तो मैं आ गया." घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं, त्यानंतरही नाही.

पुढचा मोसम झालाच नाही. आधी म्हणाले, थोडं पुढे ढकललंय. मग, कळवतो. मग फोन उचलेनासे झाले. तो रोज पहाटे समुद्रावर धावायला जायचा, अजून बोलावणं येईल म्हणून. वर्षभर धावला.

शेवटी मीच खेळाडूंच्या कोट्यातल्या एका नोकरीचा अर्ज आणला. मुंबईच्या ऑफिसात त्याच्याबरोबर गेले. पुरस्काराचं मानचिन्ह आईने टॉवेलात गुंडाळून दिलं होतं. तिथले साहेब भले माणूस होते. त्यांनी ते हातात घेऊन नीट पाहिलं.

"फार छान. पण खासगी लीग आमच्या यादीत बसत नाही. राज्याकडून खेळल्याचं काही आहे?"

"नाही."

"एवढे चांगले खेळता, मग राज्याकडून का नाही खेळलात?"

मी मान खाली घातली. तो म्हणाला, "नाही जमलं, सर."

परतताना हायवेच्या गाडीने चारोटीला उतरलो. डहाणूच्या बसला वेळ होता. चहा घेतला, पण माझा अर्धा कप तसाच राहिला.

"खरं सांगायचंस ना," मी म्हणाले. "बहिणीने जाऊ दिलं नाही म्हणून."

"ताई, मला पण टीव्हीवर यायचं होतं."

"माझ्यासाठी बोलतोयस."

माझा कप उचलून त्याने उरलेला चहा पिऊन टाकला, आणि बस आली.

त्याच महिन्यात तो बाबांबरोबर बोटीवर जायला लागला. केबिनमध्ये त्याला ताठ उभं राहता येत नाही. वाकून वाकून पाठ धरते. मैदानावर यायला मी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, परत विचारू नकोस." मी विचारलं नाही.

२०१९ मध्ये सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना भेटायला गेले. बरोबर चिकू नेले होते. खूप दिवस घोकलेलं एकदाच बोलून टाकलं. "सर, तुमचं ऐकायला हवं होतं. त्याचं नुकसान मी केलं."

सर बराच वेळ पिशवीतले चिकू दाबून बघत राहिले.

"त्याच्यासाठी मी तुमच्या घरी आलो," ते म्हणाले. "तुझं खेळणं बंद केलं तेव्हा आलो नव्हतो. यायला हवं होतं. तू त्याच्यापेक्षा चांगली खेळायचीस."

मी नमस्कार करून निघाले. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत आवरलं, मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी भर दुपारी रडले.

संध्याकाळी भाऊ बोटीवरून आला. मी त्याला जेवायला वाढलं. सर काय म्हणाले, असं त्याने विचारलं. "बरे आहेत," एवढंच मी सांगितलं.