चिंधी बांधलेल्या वेली

माझ्या धाकट्या भावाची अंथुर्ण्याला द्राक्षबाग आहे. विहिरीकडच्या काही वेलींना तो दरवर्षी लाल चिंध्या बांधतो. फवारणाऱ्यांना ती खूण असते: शेवटच्या फवारण्या ह्यांच्यावर मारायच्या नाहीत, ही द्राक्षं घरात खायची आहेत. त्यातलीच एक पाटी दर हंगामात बारामतीला माझ्याकडे येते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण ह्या चिंध्यांत मला कधी काही वावगं वाटलं नाही.

यंदा त्याचा परदेशी जाणारा माल तपासणीत नापास झाला. औषधाचा अंश तिकडच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. मग व्यापाऱ्यानं तो सगळा माल बारामतीच्या मंडईत उतरवला. इथं कोणी काही विचारलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला दिवस गेलेत. परवा ती द्राक्षं खात दारात उभी होती. "घ्या ना काकू, अंथुर्ण्याचा एक्स्पोर्टचा माल आहे. गाडीवर स्वस्त मिळाला."

मी "धुऊन खा गं" एवढंच म्हणू शकले. धुऊन सगळं जात नाही, हे मला ठाऊक होतं. जे उरतं त्यानं पोटातल्या जिवाला काय होतं, ते मात्र ठाऊक नव्हतं. इथं ते मोजायची गरजच कुणाला वाटलेली नाही.

तणतणत सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी चहा पाजला. "मॅडम, बाहेर जाणारा माल तपासावाच लागतो. मंडईतला कोण तपासणार?"

"म्हणजे तिकडच्या लेकरांना नापास, ते आपल्यांना पास?"

ते नुसते हसले. मला संताप आला आणि त्या संतापाचं पुढं काही झालं नाही.

तिथून भावाकडे गेले. तो म्हणाला, "आक्का, रोग पडला, मारावंच लागलं. आता पिकलेला माल काय खड्ड्यात घालू? मला कुनी अडवलं का?"

"न्हाय अडवलं. पण सोताच्या पोरांसाठी चिंधी बांधतोसच की."

त्यानं चिंधीच्या वेलींची द्राक्षं पाटीत रचायला घेतली. "मग तूच सांग. समद्या बारामतीला पुरंल एवढी चिंधी कुटनं आनू?"

बारामतीला परतले. त्यानं दिलेली पाटी मी अख्खी खाली नेऊन दिली. सुनेनं एक मणी तोंडात टाकला.

"छान आहेत काकू. पण गाडीवरची जास्त टपोरी होती."